स्वेटर कुठे संपतो?

प्रश्न : ताई, माझं वय 46, उंची 5 फूट 1 इंच. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलं ते सुटलंच, छाती मुळातच भरलेली आणि मान आखूड. कपाटात अकरा स्वेटर आहेत. तीन काळे आणि लांब, कारण बहीण म्हणते काळ्यात माणूस बारीक दिसतं. दोन जाड, वेण्यावेण्यांच्या विणीचे. एक बंद गळ्याचा. दोन गुडघ्यापर्यंतचे कार्डिगन. एक लेकीने दिलेला ढगळ. तिच्या मते हल्ली असंच घालतात. एक आडव्या पट्ट्यांचा, त्याचं लेबलसुद्धा अजून काढलेलं नाही. यातला कुठलाही घातला तरी फोटोत मी गाठोडं दिसते. अकरावा राखाडी, दहा वर्षांपूर्वीचा, धुऊन धुऊन आखूड झालेला, कोपराला विरलेला. तो फक्त घरात घालते. पण गंमत अशी की तो अंगात असताना दार उघडलं की शेजारीण हमखास विचारते, "बारीक झालीस का गं?" यंदा दोन नवीन स्वेटर घ्यायचे आहेत. पोट आणि छाती नीट झाकेल असं काय घेऊ? – एक गाठोडं

उत्तर : गाठोडंताई (सही तुम्हीच तशी केलीत म्हणून हे एकदाच, पुढे म्हणणार नाही),

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे आणि ते कोपराला विरलेलं आहे. तुमची शेजारीण खोटं बोलत नाही. त्या राखाडी स्वेटरात तुम्ही खरंच बारीक दिसत असणार. फरक एवढाच की तो कुठे संपतो, हे तुम्ही कधी बघितलेलं नाही.

आता तो काढा, घाला आणि आरशासमोर उभ्या राहा. माझा अंदाज असा की त्याचा खालचा काठ कंबरेच्या हाडावर किंवा त्याच्या दोन बोटं खाली येत असेल. मग काळ्यांपैकी एक घाला. तो पोट पूर्ण झाकून खाली जातो आणि तुमच्या बांध्यातली सगळ्यात रुंद जागा जिथे आहे, शिंपी ज्याला सीटचं माप म्हणतात, नेमका तिथे थांबतो. स्वेटरचा काठ म्हणजे अंगावर मारलेली आडवी रेघ. बघणाऱ्याची नजर त्या रेघेवर अडते आणि ती रेघ जेवढी रुंद तेवढी बाई रुंद, असा निकाल देऊन मोकळी होते. तुम्ही झाकायला म्हणून जो स्वेटर घेता, तोच रुंद जागेखाली ठळक रेघ ओढून ठेवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण झाकलेलं पोट तेवढ्यालाच राहतं, वर त्याला चौकट मिळते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. एक मैत्रीण अगदी तुमच्यासारखंच रडगाणं घेऊन माझ्याकडे आली होती. अंगात लांब, काळा, अगदी चांगल्या लोकरीचा स्वेटर. मी तिला आरशापुढे उभं केलं आणि सेफ्टी पिनांची डबी घेतली. काठ आतल्या बाजूला चार बोटं दुमडला, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे एकेक पिन लावली. काही फरक नाही. आणखी दोन बोटं दुमडला. ती म्हणाली, "आता पोट दिसतंय ना." म्हटलं, थांब. आणखी दोन बोटं. दुमडीमुळे कंबरेशी जाड वळकटी झाली होती, शेवटची पिन तिला टोचली, ती "आई गं" म्हणून वळली आणि वळता वळता आरशात बघून गप्पच झाली. पाय एकदम लांब दिसायला लागले होते. पोट तेवढंच होतं, पण त्याच्याकडे बघायला आता कुणी थांबत नव्हतं. आठ बोटं, म्हणजे जेमतेम सहा इंच. मग ती त्या वळकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे असं घालून मी बाहेर जाऊ?" तो प्रश्न बरोबरच होता. पिना ही फक्त परीक्षा, स्वेटर त्या लांबीचाच घ्यायचा.

म्हणून खरेदीला जाण्याआधी एक काम करा. राखाडी स्वेटर पलंगावर सपाट पसरा आणि गळ्याच्या कडेला खांदा जिथे सुरू होतो तिथपासून खालच्या काठापर्यंत टेपने मोजा. तुमच्या उंचीला हे माप 20 ते 22 इंचांच्या आसपास निघेल. तो आकडा लिहून ठेवा. दुकानात लेबलवर काय अक्षर छापलंय याकडे नंतर बघा, आधी ही लांबी बघा. काठ कंबरेच्या हाडाशी थांबला की चित्राचे वरचा एक भाग आणि खालचे दोन भाग असे तुकडे पडतात. तो अर्ध्यावर आला की दोन सारखे ठोकळे होतात, आणि बुटक्या माणसाला ठोकळा परवडत नाही. (मीही काही ताडमाड नाही, अनुभवाने बोलते.)

काठाची लांबी झाली, आता त्याची जात बघा. पुष्कळ स्वेटरना खाली घट्ट रिबची, म्हणजे उभ्या रेघांच्या ताणल्या जाणाऱ्या विणीची पट्टी असते. ती पट्टी कंबरेवर बसली तर छान, पण पोटाखाली जाऊन आवळली तर वरचा सगळा भाग तिच्यावर फुगून बसतो, फुगा बांधल्यासारखा. तुमच्या लांब काळ्यांपैकी एकाचं तरी असंच होत असणार. तसा असेल तर टाकून देऊ नका. ज्याला विणकाम येतं अशा कुणाकडून खालची पट्टी उसवून, स्वेटर चार-पाच इंच आखूड करून पट्टी पुन्हा विणून घेता येते, विशेषतः हातविणीच्या स्वेटरची. मात्र आपल्या हाताने कात्री लावू नका. विणलेलं कापड कापलं की टाके सुटत जातात आणि ती धाव थांबवणं भल्याभल्यांना जमत नाही.

आता खांदा. काठाच्या खालोखाल माझा जीव या एका गोष्टीत अडकलेला आहे आणि नेमकी हीच बायका बघत नाहीत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, म्हणजे हात जिथे सुरू होतो त्या टोकावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरली की स्वेटरची सगळ्यात रुंद जागा छातीच्या रेषेत येते. ज्यांची छाती भरलेली आहे त्यांना तिथे रुंदी वाढवून घ्यायची काय गरज? लेकीने दिलेल्या ढगळ स्वेटरची शिवण कुठे आहे ते बघा. दंडावर चार बोटं खाली असेल, कारण तो तसाच काढलेला असतो. सडपातळ, सरळ बांध्यावर ते मोकळं आणि निवांत दिसतं, तुमच्यावर ते उशीच्या अभ्र्यासारखं दिसणार. लेकीचं चुकलं नाही, तिने तिच्या अंगाला शोभेल ते तुम्हाला दिलं. ढगळ घालायची हौस असेलच तर खाली अगदी अंगासरशी पँट, आणि काठ एका बाजूने पँटमध्ये थोडा खोचलेला. तो स्वेटर हळूच लेकीच्याच खणात सरकवायचा, हाही एक उपाय आहे.

गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी शिवण जाते त्या बाहीला रॅगलन म्हणतात. वॉटर्लूच्या लढाईत 1815 साली उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलनवरून ते नाव आलं. क्रिमियाच्या युद्धात हेच रॅगलन ब्रिटिश सेनापती होते, त्याच युद्धात कार्डिगनचे अर्लही होते (कार्डिगन हे नाव त्यांच्यावरून) आणि ज्या बालाक्लाव्याच्या लढाईत 1854 साली अर्लसाहेबांनी घोडदळ तोफांच्या तोंडी नेलं, त्या गावाचं नाव कानटोपीला मिळालं. एका युद्धाने लोकरीच्या कपड्यांना एवढी नावं दिली, बाकी त्याने कुणाचं भलं केलं नाही. असो. रॅगलनची तिरपी रेघ रुंद, कडक खांदे मऊ करते. तुमचे खांदे उतरते असतील तर मात्र ती ते आणखी उतरवते, तेव्हा रॅगलन टाळा आणि बसवलेल्या बाहीचा, म्हणजे शिवण खांद्याच्या टोकावर येणारा स्वेटर घ्या.

मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेचा घेर, वर असावा. काखेत घट्ट नको, पण काखेखाली वीतभर लोंबणारा तर नकोच. मुंढा खाली गेला की काखेपासून कंबरेपर्यंतचा भाग बाहीतच विरघळतो आणि कंबर कुठे आहे ते कळेनासं होतं. याची परीक्षा सोपी आहे. दुकानात स्वेटर घालून दोन्ही हात वर करा, माळ्यावरचा डबा काढताना करतो तसे. काठ दोन-तीन बोटं वर गेला तर ठीक. पोट उघडं पडेपर्यंत सगळा स्वेटर हातांबरोबर वर निघाला तर मुंढा खाली आहे, तो परत ठेवा. त्यानंतर खुर्चीवर बसून बघा. दिवसातला अर्धा वेळ आपण बसलेल्या असतो, पण कपडे मात्र उभ्या राहून घेतो.

भरलेल्या छातीची खरी अडचण अशी असते की छातीच्या मापाने घेतलं तर खांदे ढगळ होतात आणि खांद्याच्या मापाने घेतलं तर छातीवर ताण येतो. ताण आला की काखेपासून छातीकडे आडव्या सुरकुत्या पडतात आणि पुढचा काठ मागच्यापेक्षा वर उचलला जातो. अशा वेळी खांद्याच्या मापाने घ्या आणि वीण ताणली जाणारी निवडा. स्वेटर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हे माप तुमच्या छातीच्या मापापेक्षा दोन ते चार इंच जास्त असेल तर तो नीट बसेल. सहा इंचांच्या पुढे गेला की ढगळच. कुणी हाताने विणून देणारं असेल तर तिला सांगा, छातीच्या भागात पुढच्या बाजूला काही जादा ओळी घाल, मधूनच परत फिरणाऱ्या. शिवणातल्या टक्सचं काम त्या ओळी करतात आणि पुढचा काठ वर चढत नाही. मुरलेली विणणारी लगेच समजेल. आणि हो, आतला कपडा योग्य मापाचा आणि न सैलावलेला हवा. हे कुणी सांगत नाही, पण त्याने छाती आणि कंबर यांच्यात जी दोन इंचांची मोकळी जागा मिळते ती कुठलाच स्वेटर देऊ शकत नाही.

मान आखूड म्हणालात, तर बंद गळ्याचा स्वेटर घरी थंडी वाजेल तेव्हा घाला, फोटोला नको. हनुवटीखाली लगेच लोकर सुरू झाली की चेहरा छातीवर ठेवल्यासारखा दिसतो. व्ही गळा तुमचा. फार खोल नको, गळ्याच्या खळगीपासून चार-पाच बोटं खाली पोचला की पुरे. तेवढी मोकळी त्वचा मानेत जमा होते. गोल गळाच आवडत असेल तर मानेला चिकटलेला नको, गळपट्टीची हाडं दिसतील एवढा मोकळा. गळ्याशी काही असलं की नजर आपोआप चेहऱ्याकडे जाते. एल्सा स्कियापरेली या फॅशन डिझायनरने 1927 साली एक काळा स्वेटर काढला, त्यावर पांढऱ्या लोकरीने गळ्याशी बांधलेला बो नुसता विणून दाखवला होता, खरा बो नव्हताच. तो तुफान चालला. बघणारे आधी तो बो खरा की खोटा एवढंच बघत. तुम्हाला बो नको असेल तर आत फिक्या शर्टाची कॉलर चालेल, लहानसा स्कार्फ चालेल.

बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. तळहातावर येणारी बाही बुटक्या माणसाला आणखी बुटकं करते. शिवाय हात खाली सोडले की लांब बाहीची जाड टोकं नेमकी सीटच्या दोन्ही बाजूंना येतात आणि तिथली रुंदी वाढवतात. बाह्या कोपराखाली सरकवून बघा. आता ती टोकं कंबरेच्या बाजूला आली आणि हाताचा सगळ्यात बारीक भाग उघडा पडला. फुकटचा उपाय आहे.

जाडीबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण तुमचे ते दोन वेण्यांचे स्वेटर. शाळेतलं गणित आठवा. घेर म्हणजे त्रिज्येच्या सव्वासहा पट. तुमच्याभोवती अर्धा सेंटीमीटर जाडीची वीण गुंडाळली की त्रिज्या अर्ध्या सेंटीमीटरने वाढली, म्हणजे घेर तीन सेंटीमीटरहून जास्त वाढला, सव्वा इंच. तुम्ही काहीही न खाता. एक मिलिमीटरच्या वीणीत तोच हिशेब जेमतेम सहा मिलिमीटरचा होतो. वेणीच्या विणीत टाके एकमेकांवरून ओलांडवलेले असतात, त्यामुळे ती साध्या विणीपेक्षा आणखी जाड असते आणि तिला लोकरही जास्त लागते. छातीवरून तीन-चार वेण्या गेल्या तर त्या छातीच्या उभारावरून वाकड्या होत जातात आणि तो उभार नकाशातल्या टेकडीसारखा रेखून दाखवतात. मी स्वतः एका हिवाळ्यात मोठ्या हौसेने असा वेण्यांचा स्वेटर विणला होता. घरच्यांनी कौतुक केलं ते विणीचं. मला घातलेलं बघून कुणी काही बोललं नाही, त्यावरून मी समजले. हवीच असेल वेणी तर एकच, मधोमध, बारीक लोकरीची.

यंत्रावरच्या विणीला गेज असतं, म्हणजे एका इंचात किती सुया. 12 गेज म्हणजे बारीक आणि सपाट, 3 ते 5 गेज म्हणजे जाडजूड. तुम्ही बारकीकडचा घ्या. पण फार पातळही नको. कागदासारखी पातळ वीण अंगाला चिकटते आणि आतल्या पट्ट्यांचे वळ दाखवते. स्वेटर उजेडासमोर धरा. पलीकडचे हाताचे पंजे स्पष्ट दिसले तर परत ठेवा. उभ्या रिबची वीण तुम्हाला चालेल, एका अटीवर. रिब छातीवर ताणून उघडली की रेघा फाकतात, आणि फाकलेल्या रेघा म्हणजे ताण कुठे आहे त्याची जाहिरात. रेघा वरपासून खालपर्यंत सारख्याच अंतराने पडल्या पाहिजेत.

लोकर टोचते म्हणून पुष्कळ बायका आत जाड काहीतरी घालतात आणि पुन्हा फुगतात. टोचण्याचं कारण तंतूची जाडी. ती मायक्रॉनमध्ये मोजतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 30 मायक्रॉनच्या पुढचे तंतू जाड आणि ताठ असतात, त्यांची टोकं कातडीला टोचतात. मेरिनो लोकर साधारण 24 मायक्रॉनच्या आत असते, चांगली असेल तर 19 च्याही खाली, म्हणून ती सरळ अंगावर घालता येते. काश्मिरी तर त्याहून बारीक. ॲक्रिलिक हलकं असतं आणि टोचत नाही, पण त्यात घाम कोंडतो, आणि गरम इस्त्री एकदा लागली तर ते कायमचं लुळं पडतं. सुती स्वेटर दिसायला छान असतात पण जड असतात, आणि सुताला लोकरीसारखी स्वतःहून परत जायची सवय नसते. त्यामुळे चार वेळा घातला की तो खाली लोंबायला लागतो, म्हणजे आपण एवढा मोजून घेतलेला काठ पुन्हा सीटवर. म्हणून खालची रिब दोन हातांनी ताणा आणि सोडा. लगेच जागेवर आली तर धाग्यात जीव आहे. तळहात दहा-बारा वेळा घासून बघा, पृष्ठभाग केसाळला तर महिन्याभरात गोळे येणार.

काळ्या रंगाबद्दल तुमच्या बहिणीचं निम्मं बरोबर आहे. काळ्यात सावल्या दिसत नाहीत, त्यामुळे समोरून बघताना वळ्या, फुगवटे कळत नाहीत. पण कडेची बाह्यरेषा काळ्यातच सगळ्यात ठळक दिसते, विशेषतः मागे फिकी भिंत असली की. आणि फोटो बहुधा भिंतीपुढेच काढतात. गडद निळा, वाइन, गडद हिरवा यांनीही तेवढंच काम होतं आणि चेहरा काळवंडत नाही. रंग खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, चेहऱ्याला लावून बघा. डोळ्यांखालची वर्तुळं गडद दिसली तर तो रंग तुमचा नाही. रंगाचं एवढंच. त्यापेक्षा जास्त डोकं त्यात घालू नका.

आता तो आडव्या पट्ट्यांचा स्वेटर. लेबल काढा आणि घाला. आडव्या पट्ट्या जाड दाखवतात हे आपण इतक्यांदा ऐकलंय की कुणी तपासून बघत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने 1867 सालीच दाखवलं होतं की एकाच मापाच्या दोन चौकोनांत एकात आडव्या रेघा आणि दुसऱ्यात उभ्या भरल्या, तर आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद भासतो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्प्सन आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने हाच भास कपड्यांवर तपासला आणि 2011 साली लिहिलं की आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसत नाही. अर्थात पट्ट्या बारीक आणि जवळजवळ हव्यात. छातीवरून एकच वीतभर रुंद पांढरा पट्टा जात असेल तर तुमची भीती खरी आहे. आणि काठ कुठे संपतो ते बघायचंच. तो लांब असेल तर पट्ट्यांचा काही दोष नाही.

गुडघ्यापर्यंतचे दोन कार्डिगन राहिले. तुमच्या उंचीला ते लांब आहेत, पण बटणं न लावता घातले तर चालून जातील. समोरच्या दोन उघड्या कडा म्हणजे दोन उभ्या रेघा. आत वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचे कपडे घाला, म्हणजे मधे एक उभा सलग पट्टा दिसतो आणि बाजूचा भाग कार्डिगनमध्ये राहतो. झाकायचंच असेल तर ते हे असं. बटणं लावली की मात्र पुन्हा गाठोडं (माफ करा, तोंडातून गेलं).

नवीन दोनमध्ये काय घ्याल, असं विचाराल तर एक व्ही गळ्याचा, बारीक विणीचा, मेरिनोचा, राखाडी स्वेटरच्याच लांबीचा, गडद पण काळा नसलेला. दुसरा त्याच लांबीचा छोटा कार्डिगन, कंबरेशी संपणारा, बटणं लावून घालता येईल असा. इथे बसून, तुम्हाला न बघता सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवा.

धुण्याचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पत्र पुन्हा येईल. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं, मग ते कधीच सुटत नाही. मी एकदा घाईत एक मऊ लोकरी स्वेटर गरम पाण्याच्या चक्रात टाकला होता. बाहेर निघाला तो सहा वर्षांच्या पोराला बसेल एवढा, वर पुठ्ठ्यासारखा कडक. तुमचा राखाडी हळूहळू आखूड झाला तोही याच कारणाने, फक्त तुमचं नशीब चांगलं म्हणून तो नेमका योग्य जागी येऊन थांबला. गार पाणी, लोकरीचा साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. दोरीवर टाकला की पाण्याच्या वजनाने काठ खाली जातो. घडी करूनच ठेवा, हँगरला लावू नका, खांद्याला कोंब येतात. आणि धुतल्याशिवाय पेटीत ठेवू नका. कसरीचा पतंग नव्हे, त्याच्या अळ्या लोकर खातात आणि घामाचा, डागाचा कपडा त्यांना जास्त आवडतो.

राखाडीच्या कोपराला नुसतं विरलंय की भोक पडलंय ते लिहिलं नाहीत. नुसतं विरलं असेल तर आजच रफू करा, भोक पडल्यावर काम तिप्पट होतं. आतून कोपराखाली एखादी गुळगुळीत वाटी धरा, आधी उभे धागे घाला, मग आडवे एकाआड एक वरखाली काढा. तोच राखाडी मिळाला नाही तर एक छटा गडद घ्या, फिका धागा लांबून डोळ्यांत भरतो. आणि नवीन स्वेटर विणायला कुणाकडे टाकणार असाल तर माप म्हणून हाच द्या, पण रफू झाल्यावर.